‘बाई, तुमचं कोण पुरलंय का तिथे?’ : वसई किल्ल्यातल्या एका देवळासाठी खुले पत्र

प्रति,
वसई किल्ल्याची देखभाल ज्यांच्या सहीने चालते ते साहेब,
आणि हे पत्र चारचौघांत वाचणारे सगळे वसईकर

महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या पंधरवड्यात एका सरकारी कार्यालयात मी माझा तिसरा अर्ज घेऊन गेले होते. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी अर्ज उभा-आडवा चाळला, आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, “बाई, तुमचं कोण पुरलंय का तिथे?”

विचारण्यात कुचकेपणा नव्हता. एक सत्तरीची बाई किल्ल्यातल्या पडक्या चर्चसाठी तिसऱ्यांदा का खेटे घालते, हे त्यांना खरंच कळत नव्हतं. मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पण उत्तर सुचायला घरी येऊन चहा व्हावा लागला. ते उत्तर आता जाहीर लिहिते आहे, कारण प्रश्न त्यांचा एकट्याचा नाही. वसईत निम्म्या लोकांच्या मनात तो आहे.

तर, नाही. माझं तिथे कोणी पुरलेलं नाही. संत अंतोनीच्या, म्हणजे फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती धर्मसंघाच्या त्या देवळात फरशीखाली झोपलेत ते पोर्तुगीज फिदाल्गो म्हणजे सरदार-उमराव, त्यांच्या बायका, विधवा, देणगीदार. दगडावर ढाल कोरून घेण्याची ऐपत असलेली घराणी. आम्ही कुपारी, म्हणजे इथली मराठी बोलणारी ख्रिस्ती माणसं, वाडीत राहणारी, केळी आणि पानवेली लावणारी. आमचा कोणी तिथे असलाच, तर तो दगड वाहणाऱ्यांत, चुना मळणाऱ्यांत असेल. त्याचं नाव कुठेही कोरलेलं नाही. त्याने उभं केलेलं काम मात्र आहे आणि ते माझ्या डोळ्यांदेखत ढासळत चाललंय. एवढाच माझा संबंध. मला तो पुरेसा वाटतो.

(पत्रात मी अनेकदा ‘देऊळ’ म्हणणार आहे. आमच्याकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. सवय आहे, समजून घ्या.)

ज्यांना ठिकाण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गुजरातच्या बहादूरशहाने डिसेंबर १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली. पुढची दोनशेपाच वर्षं तटाच्या आत एक अख्खं शहर नांदलं. आज आपण ज्याला ‘किल्ला’ म्हणतो ते खरं तर तट असलेलं शहर आहे : बाजार, रुग्णालय, न्यायालय, आणि देवळं तर विचारू नका. जेझुइट धर्मसंघाचं वेगळं, डोमिनिकनांचं वेगळं, ऑगस्टिनियनांचं वेगळं, शिवाय शहराचं मुख्य देऊळ संत जोसेफचं. १६०१ साली ते वाढवून बांधल्याचा लेख त्याच्या दगडावर आहे. पर्यटक त्याच्याच मनोऱ्याचा फोटो काढतात. जेझुइटांच्या देवळाला आम्ही गोन्सालो गार्सियाचं देऊळ म्हणतो. वसईत जन्मलेला हा मुलगा जपानला गेला, १५९७ च्या फेब्रुवारीत नागासाकीला पंचवीस सोबत्यांबरोबर क्रुसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये संत झाला. त्याच्या नावाने आजही तिथे लोक जमतात, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) होते, त्यामुळे त्या देवळाला वाली आहे.

ज्याला वाली नाही ते फ्रान्सिस्कनांचं, संत अंतोनीचं देऊळ. फ्रान्सिस्कन हे वसईत आलेल्या पहिल्या धर्मसंघांपैकी. सोळाव्या शतकाच्या मध्याला अंतोनिओ दो पोर्तो या धर्मगुरूने इथे त्यांचा जम बसवला. छत कधीच गेलंय. कमानी उभ्या आहेत, बाजूच्या लहान वेद्यांचे कोनाडे उभे आहेत आणि खाली फरशीत कबरींचे दगड. रिक्षावाल्याला ‘अंतोनीचं देऊळ’ सांगून पाहा, तो तुम्हाला चिमाजी अप्पांच्या स्मारकाशी सोडेल आणि म्हणेल, आता विचारत विचारत जा.

आमच्यात काही हरवलं की अंतोनीला नवस बोलतात. चावी, कानातलं, गाय, परीक्षेचा हॉल तिकीट, काहीही. दर मंगळवारी त्याची प्रार्थना. माझ्या आजीची नथ वाडीच्या पाटात पडली होती ती तेरा मंगळवारांनी सापडली. चौदाव्याला ती मला घेऊन या पडक्या देवळात आली, कोनाड्यात मेणबत्ती लावली आणि परत येताना म्हणाली, सगळ्यांचं हरवलेलं शोधून देणाऱ्याचं स्वतःचं छप्पर कोणी शोधायचं? मी तेव्हा सात-आठ वर्षांची. किल्ल्याशी माझी ओळख ती तिथली.

आता तक्रारी. बऱ्याच आहेत, पण मी रागाला लगाम घालून लिहिते आहे.

पहिली तक्रार फरशीची, आणि तीच सगळ्यात मोठी.

गेल्या डिसेंबरात एका मंगळवारी माझ्या भाच्याच्या मुलीला घेऊन मी तिथे गेले. ती सहावीत आहे. शाळेचा प्रकल्प होता, ‘माझ्या गावातील जुनी वास्तू’. आम्ही कागद आणि मऊ शिसाची पेन्सिल नेली होती. कोरीव अक्षरांवर कागद धरून पेन्सिल आडवी घासली की अक्षरं पांढरी उमटतात, बाकीचा कागद काळा होतो. पाचच मिनिटांचं काम, पण मुलांना जादूच वाटते. तिने एक दगड निवडला. पाला बाजूला केला, माती फुंकली, गुडघ्यांवर बसून कागद घासायला लागली. एकेक अक्षर वर आलं. ‘एस्ता सेपुल्तुरा’. “यात यू का नाही? सगळीकडे व्ही आहे,” तिने विचारलं. मी सांगितलं, पूर्वी यू असाच कोरायचे. पुढचा शब्द मला लागेना. फोटो काढून आमच्या ओळखीच्या फादरांना पाठवला, त्यांचं दोन मिनिटांत उत्तर आलं : “ही कबर अमुक यांची, अशी सुरुवात आहे. पुढे नाव असेल, बघा.”

पुढे नाव नव्हतं. दगड तिथेच तुटला होता. तुटलेली कड पांढरी होती, साहेब. जुन्या दगडाची जुनी भेग काळी असते, तिच्यात शेवाळ असतं, मुंग्या असतात. ही कड ताजी होती. शेजारी चाकांच्या दोन रेघा. त्या रेघांच्या मागोमाग गेलो तर पलीकडच्या कमानीत लग्नाआधीचं शूटिंग चाललेलं. हातगाडीवर जनरेटर, दिव्यांचे लोखंडी स्टँड, नवरीचा घागरा धरायला दोघी आणि गुलाबी धुराची नळकांडी. दगड त्यांनीच तोडला, असं मी म्हणत नाही. मी पाहिलेलं नाही. पण ती गाडी फरशीवरून ओढत आणली होती, हे पाहिलं. मी बोलायला पुढे झाले तर फोटोग्राफर नम्रपणे म्हणाला, “मॅडम, थोडं बाजूला व्हाल? फ्रेममध्ये येताय.”

झाले बाजूला. नवरा-नवरीवर माझा काही राग नाही. पोरं सुंदर दिसत होती आणि त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की पायाखाली काय आहे. सांगणारी एक पाटी नाही, अडवणारी एक दोरी नाही, पहारेकरी तर नाहीच. गुलाबी डाग मात्र मी महिनाभराने पुन्हा जाऊन पाहिला. भिंतीवर होता तसाच होता.

१८७६ साली जोसे गेर्सोन दा कुन्हा या मुंबईतल्या गोवेकर डॉक्टरांनी चौल आणि वसईच्या अवशेषांवर पुस्तक लिहिलं, त्यासाठी किल्ला पिंजून काढला. नंतर १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये वसईवर पानंच्या पानं आली. त्या जुन्या नोंदींमुळे आपल्याला आज माहीत आहे की जेझुइटांच्या देवळात इझाबेल दे आगियार नावाची विधवा आहे, १५९१ मध्ये वारलेली, आणि दोना फिलिपा दा फोन्सेका, १६२८ मध्ये वारलेली, जिने जिवंतपणीच आपलं सगळं देवळाला देऊन टाकलं. विचार करा, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी बैलगाडीतून आलेल्या माणसांनी दगडांवरची अक्षरं उतरवून ठेवली. आपल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि आपल्याला अंतोनीच्या देवळातल्या दगडांची एक क्रमवार यादी लोकांसमोर ठेवता आलेली नाही. असेल तर कुठे मिळते ते सांगा. मी आनंदाने हा परिच्छेद मागे घेईन.

दुसरी तक्रार झाडांची. पिंपळ, वड, उंबर. पक्षी बी टाकतो, बी चुन्याच्या सांध्यात रुजतं, मूळ ओलावा शोधत आत शिरतं आणि जाड होत जाऊन दगड बाजूला सारतं. हे सगळ्यांना माहीत आहे. दर दिवाळीनंतर माणसं येतात, कोयत्याने फांद्या तोडतात, भिंत स्वच्छ दिसते, फोटो काढून जातात. मूळ आतच राहतं. बुंधा छाटला की ते आणखी फोफावतं. वाडीतल्या कोणत्याही पोराला विचारा. मूळ जागीच मारावं लागतं, सावकाश, भिंत न हलवता, आणि मग रिकामा सांधा चुन्याने भरावा लागतो. संत अंतोनीचा सण १३ जूनला, म्हणजे नेमका पाऊस लागतो तेव्हा. गेली कित्येक वर्षं मी त्या दिवशी जाते आणि दरवर्षी एका कमानीवरची उंबराची फांदी माझ्या मनगटावरून दंडाएवढी होताना पाहिली आहे.

तिसरी तक्रार सिमेंटची. कोणी लावलं, कधी लावलं, कोणाच्या आदेशाने, काही कळत नाही. पण दोन ठिकाणी सांध्यांत राखाडी सिमेंट भरलेलं आहे. जुना चुना मऊ असतो, ओल घेतो आणि सोडतो. सिमेंट कडक. पाणी आत अडवून धरतं, मग ते पाणी दगडाच्या कडेतून वाट काढतं आणि दगडाचीच पापुद्र्यासारखी खपली निघते. खाऱ्या हवेत तर फारच लवकर. गाल सुजला म्हणून दात उपटायच्या ऐवजी तोंड शिवून टाकण्यातला हा प्रकार आहे.

चौथी तक्रार पाटीची. जी पाटी आहे तिच्यावर कायदा आहे : १९५८ चा कायदा, संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड. छान आहे. पण त्या पाटीवरून आपण कशाची नासधूस करायची नाही ते कळत नाही. धमकी आहे, माहिती नाही. माझ्या भाच्याच्या मुलीने प्रकल्पात लिहिलं, ‘इथे काहीतरी आहे त्याला हात लावू नये.’ तिला दहापैकी सहा मिळाले.

रात्रीचे बाटल्यांचे ढीग, शेकोटीची काळी वर्तुळं, बदाम आणि नावं खरडलेल्या भिंती यांबद्दल मी लिहीत बसत नाही. दर रविवारी काही तरुण पोरं झाडू घेऊन येतात आणि पोत्यांनी कचरा नेतात. त्यांच्याकडे बघून मला बरं वाटतं आणि आपल्याकडे बघून लाज वाटते.

आता त्या मोठ्या प्रश्नाकडे येते, जो खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी सभ्यपणे गिळला, पण इतर लोक तोंडावर विचारतात. हे शत्रूचं देऊळ ना? पोर्तुगीजांनी आपली देवळं पाडली, लोक बाटवले. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये त्यांना हाकललं. मग त्यांची पडकी चर्चं आम्ही का जपायची?

देवळं पाडली, हे खरं आहे. बोरिवलीला मंडपेश्वरच्या लेण्यात शिवाचं देऊळ होतं, त्याचं चर्च याच फ्रान्सिस्कनांनी केलं. मी ख्रिस्ती आहे म्हणून त्यावर पांघरूण घालणार नाही. वसईत माझ्या पूर्वजांनी धर्म कसा बदलला, मनाने की भीतीने की भाकरीने, मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत असल्यासारखं वाटतं त्यांनाही नाही. वज्रेश्वरीला मीही जाऊन आले आहे. चिमाजी अप्पांचा तिथला नवस आणि वसईचा वेढा मी वर्गात जितक्या वेळा शिकवला तितक्या वेळा मुलं श्वास रोखून बसत. तटाखाली सुरुंग, बुरुजाला भगदाड, दोन्हीकडची मिळून हजारो माणसं गेलेली. त्या विजयाचा मला अभिमान आहे. मी मराठीच आहे, साहेब. मिस्सा मराठीत ऐकते, भांडते मराठीत.

पण चिमाजी अप्पांनी काय केलं, तेही पुढे वाचावं लागतं. पोर्तुगीज शिबंदीला त्यांनी हत्यारांसह, मानाने बाहेर पडू दिलं. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मुभा आणि काही देवळं राखण्याची अट त्या तहात होती. वेढ्यात एवढी माणसं गमावलेल्या सेनापतीने हे कबूल केलं. सूड घ्यायचा तर त्या दिवशी त्यांच्यापेक्षा जास्त हक्क कोणाला होता?

आणि घंटा. वसईच्या मोहिमेतून आलेल्या घंटा आज कुठे आहेत, ते माहीत आहे ना? नाशिकला गोदेकाठी नारोशंकराच्या देवळात एक आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याच्या घाटावर एक आहे, तिच्यावर १७०७. भीमाशंकरला आहे. रोज पूजा होते, घंटा वाजते, कोणीतरी तेल-पाणी करतं, म्हणून त्या टिकल्या. मला याचं वाईट वाटत नाही, उलट मेणवलीची घंटा पाहून मी हरखून गेले होते. एवढंच मनात आलं, की घंटा जपायची आणि ती जिथे टांगलेली होती त्या भिंती पडू द्यायच्या, हे तर्कात बसत नाही. दोन्ही एकाच गोष्टीचे पुरावे आहेत. उद्या भिंती गेल्या तर मुलांना काय सांगणार, कोणाकडून काय जिंकलं?

दगडाची गोष्ट तर आणखी गमतीची. गोव्याची बॉम जेझुसची बॅसिलिका, जिथे संत फ्रान्सिस झेवियरचं शव आहे, तिच्या दर्शनी भागावर कोरलेला काळा दगड वसईहून गेला. गोव्यात जांभा, त्याच्यावर बारीक नक्षी धरत नाही. म्हणून आपला बेसॉल्ट गलबतांतून चारशेहून जास्त किलोमीटर खाली नेला. १६०५ मध्ये ती वास्तू पूर्ण झाली, १९८६ मध्ये जागतिक वारसा ठरली. जगभरातून माणसं येऊन वसईच्या दगडावरून हात फिरवतात. इथे त्याच खाणींच्या परिसरात, त्याच काळातल्या कारागिरीवर जनरेटरची गाडी ओढली जाते. मला गोव्याचा हेवा वाटतो, हे कबूल करते. फार वाटतो.

तर माझ्या मागण्या. मी त्या मुद्दाम लहान ठेवल्या आहेत, म्हणजे ‘निधी नाही’ हे उत्तर एकदम तोंडावर येणार नाही.

अंतोनीच्या देवळातल्या प्रत्येक कबरीच्या दगडाला क्रमांक द्या, फोटो काढा, जे वाचता येतं ते वाचून घ्या आणि मराठी अर्थासह यादी सगळ्यांना बघता येईल अशी ठेवा. पोर्तुगीज जाणणारी माणसं गोव्यात आहेत, मुंबईत आहेत. ती मिळवून द्यायची जबाबदारी आमच्या गावची. चहा-जेवण आमच्याकडे. सुटलेले तुकडे उचलून कुठे ठेवले, तेही त्या यादीत येऊ द्या, नाहीतर ‘सुरक्षित ठिकाणी हलवले’ या तीन शब्दांत वस्तू कायमच्या गायब होतात, असा आमचा अनुभव आहे.

फरशीवर चाक येणार नाही, अशी सोय करा. दोन खांब आणि एक साखळी लागते. माणसांनी चालायला एका कडेने लाकडी फळ्यांची वाट केलीत तर उत्तम. नाही जमलं तर दोरी चालेल. शूटिंग सरसकट बंद करा, असं मी म्हणत नाही. एका परदेशी बँडने या किल्ल्यात येऊन गाणं चित्रित केलं तेव्हा माझ्याच भाच्याने ते मला कौतुकाने दाखवलं होतं. पण धूर, रंग, आग आणि जनरेटर देवळांच्या भिंतींच्या आत नको. ज्याला परवानगी दिलीय त्याचा कागद त्या दिवशी दारावर लावा. ज्याचा कागद नाही त्याला कोणीही विचारू शकेल.

पावसाळा संपल्यावर, कोयतेवाले यायच्या आधी, जुन्या बांधकामातलं कळणारा एक माणूस पाठवा. मुळं कुठे आहेत, कोणती कमान धोक्याची आहे, कुठलं सिमेंट काढून चुना भरायला हवा, हे त्याने दोन पानांत लिहावं. दोनच पानं आणि मराठीत. आम्हाला ती वाचायची आहेत.

एक पहारेकरी, संध्याकाळी सातपर्यंत. किल्ल्याशेजारच्या किल्लाबंदर किंवा पाचूबंदर कोळीवाड्यातला मुलगा घ्या. बोटीवर न जाणारी, शिकलेली आणि नोकरी नसलेली बरीच आहेत, आणि त्यांना किल्ल्यातला एकेक चौथरा नावानिशी ठाऊक आहे.

आणि पाटी. तिच्यावर अंतोनिओ दो पोर्तोही असू दे, मंडपेश्वरही असू दे आणि चिमाजी अप्पाही. मजकूर मी लिहून देते, हवा तर. व्याकरणाची चूक सापडली तर पगार कापा. पगार नाहीच, तेव्हा निर्धास्त राहा.

काय नको, तेही सांगून ठेवते, कारण कधीकधी दुर्लक्षापेक्षा लक्ष जास्त महागात पडतं. रंगीत दिवे नकोत. ‘आय लव्ह वसई’ची लाल अक्षरं नकोत. सेल्फी पॉइंट, कारंजं, भिंतींना रंगरंगोटी, दगडाच्या जागी नवा गुळगुळीत दगड, काहीही नको. तिथे पुन्हा मिस्सा सुरू करा, हीदेखील माझी मागणी नाही. आमच्याकडे देवळांची कमतरता नाही. पडलेलं पडलेलंच राहू द्या. जे उभं आहे ते उभं राहावं आणि जे कोरलेलं आहे ते वाचता यावं, बस.

वसईकरांनो, तुमच्यासाठी दोन ओळी. आपल्यापैकी कित्येकांच्या लग्नाच्या अल्बममध्ये हा किल्ला आहे. अल्बम काढून बघा. तुमच्या पायाखालचा दगड नीट दिसत असेल, त्यावर अक्षरं असतील, तर तो फोटो जपून ठेवा आणि यादी करणाऱ्यांना द्या. तुमच्या फोटोत नाव शाबूत असेल आणि आता दगडावर नसेल, असं होऊ शकतं. मी त्या एका तुटलेल्या दगडासाठी तरी असा फोटो शोधते आहे. गुलाबी धूर असला तरी चालेल.

साहेब, येत्या १३ जूनला, संत अंतोनीच्या सणाला, दुपारी चार वाजता मी नेहमीप्रमाणे त्या देवळात असेन. निवेदन देणार नाही, घोषणा होणार नाहीत, फोटो छापून आणणार नाही. आपण स्वतः या किंवा ज्यांना निर्णय घेता येतो त्यांना पाठवा. तासाभरात सगळं दाखवून होतं. येताना छत्री आणा, तिथे आडोसा नाही.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
वसई

ता.क. सोबत पेन्सिलीने घासलेल्या त्या कागदाची झेरॉक्स जोडली आहे. ‘ही कबर’ एवढंच वाचता येईल. मूळ कागद पोरीने दिला नाही, प्रकल्पाच्या वहीत चिकटवला आहे.